बाहेर बसलेला माणूस

शनिवार, ९ फेब्रुवारी १९४६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आष्ट्याबाहेरच्या दोर वळणाऱ्यांच्या वस्तीत आकाराम वायदंडे आपल्या घरात वारला. वय सत्तर, फार तर बहात्तर. जन्माची नोंद कुठेच नव्हती. रंगू उशाशी बसली होती. तिने मनगट हातात धरूनच छातीवर लावलेले घड्याळ पाहिले आणि मग मनगट हळूच खाली ठेवले. मिरजेच्या मिशन दवाखान्यात अठरा वर्षे नर्स म्हणून काढल्यावर हात हे आपोआप करतो. बापाच्या बाबतीतही त्याने तेच केले, याचे तिला नंतर नवल वाटले.

आई चुलीपाशी होती. रंगूने हाक मारली नाही. नुसती उठली आणि दार सताड उघडले. साळूबाईंनी उघड्या दाराकडे पाहिले आणि हातातली फुंकणी खाली ठेवली.

"गेला?"

"व्हय, आय."

"काय बोलला का?"

हा प्रश्न त्या दिवशी रंगूला चारदा विचारला गेला. पहिल्यांदा आईने.  रंगू पाणी तापवायला गेली.

आईला काय ऐकायचे होते, ते तिला ठाऊक होते. वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक असावे. १९०९च्या मे महिन्यात साळूबाईंनी आठ वर्षांचा जोतीराम आणि चार वर्षांची रंगू यांना घेऊन बाप्तिस्मा घेतला. आकारामने घेतला नाही. अडवलेही नाही. त्या रविवारी तो बायकोपोरांना मिशनच्या मंदिराच्या पायरीपर्यंत सोडायला आला, फाटकाबाहेरच्या करंजाखाली बसला आणि कमरेला खोवलेला घायपाताचा वाख काढून सुतळी वळू लागला. उपासना संपून मंडळी बाहेर आली तेव्हा चार वाव सुतळी तयार होती.

त्यानंतर सदतीस वर्षे तो दर रविवारी त्याच जागी बसला. जाताना बायकोला एकच वाक्य म्हणायचा, "जा तू. मी हितंच हाय." लहानपणी रंगूला बाप म्हटले की तो करंजच आठवायचा. आत उपदेश लांबला की ती खिडकीतून बघायची. बापाची मान खाली, डाव्या पायाच्या अंगठ्यात सुतळीचे टोक आणि तळहातांची ती सरळ, न थांबणारी घसट. आतले गायन सुरू झाले की हात त्या चालीवर जाई. सनई वाजवणाऱ्याचे हात होते ते. लग्नसराईत आष्ट्यापासून बागणीपर्यंत त्याला बोलावणे असायचे. नाताळच्या सकाळी तो सनई आणायचा आणि करंजाखालूनच आतल्या गीतांना साथ द्यायचा. कुणी सांगितले नव्हते, कुणी नको म्हटले नव्हते.

मिशनच्या गोऱ्या मडम एकदा फाटकाशी येऊन त्याला म्हणाल्या होत्या, "आकाराम, तू आत का येत नाहीस?"

"बाई, समदीच आत बसली तर चपला कोण राखंल?"

मडम हसल्या होत्या. मंदिराच्या घंटेचा दोरसुद्धा त्याचाच असे. दर तीन वर्षांनी नवा, न सांगता आणून द्यायचा. यंदाचा अर्धा वळून झाला होता आणि खुंटीला लटकत होता.

खरे कारण त्याने एकदाच सांगितले होते, बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात, घरी आलेल्या उपदेशकाला. त्याने विचारले होते, "माझा बाप मरून धा वर्सं झाली. त्यानं तुमच्या देवाचं नाव बी ऐकलं न्हवतं. तो कुठं हाय?" उपदेशक भला माणूस होता. त्याने खोटी समजूत घातली नाही. शास्त्रात लिहिले होते तेवढे सांगितले आणि मान खाली घातली. आकाराम म्हणाला, "मग माझं बी तिकडंच बरं. म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा एकटं न्हाई ठेवायचा मी."

पुढे तो या विषयावर बोलला नाही.

सात वाजता शेजारचा पीरमहंमद पिंजारी सायकलवर सांगलीला निरोप घेऊन निघाला. जोतीराम सांगलीच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता. आष्ट्याची मंडळीही त्याच्याकडेच होती. वाटेत माधवनगरला वळून धाकट्या भावाला, लालासाहेबालाही सांगायचे होते. तो दिवाळीत पलटणीतून सुटून आला होता आणि तिथल्या गिरणीत लागला होता.

मायलेकींनी मिळून अंग पुसले. साळूबाई पायांकडे बसल्या होत्या. उजव्या अंगठ्यापेक्षा डावा अंगठा रुंद झाला होता आणि त्याच्या बेचक्यात सुतळीने कोरलेली खाच होती. साळूबाईंनी ती खाच दोनदा पुसली.

"रंगे, मला निस्तं एवढं सांग. परभूचं नाव घेतलं का?"

"आय, पाणी गार होतंय. पाठ धर."

"टाळू नगं. माझं वय बघ. आज न्हाई उद्या मी जानार. जोती म्हंतो, न्यायाच्या दिसाला उजवीकडं मेंढरं अन् डावीकडं शेरडं. म्या बाप्तिस्मा घेतलाय, मी उजवीकडं. अन् ह्यो?" त्यांनी ओला फडका पिळला. "तिथं वर मला वळख हाय कुणाची? मडमांची. मडमांसंगं मी काय बोलू जन्मभर?"

रंगूला हसू आले आणि त्याच क्षणी डोळे भरले. मेंढरे आणि शेरडे. साळूबाईंचे माहेर माणातले, दहिवडीकडचे. धनगरांच्या शेजारचे घर. रंगू लहान असताना मिशनने वस्तीत जादूच्या कंदिलाची चित्रे दाखवली होती. पांढऱ्या पडद्यावर राजा सिंहासनावर, एका हाताला मेंढरे, दुसऱ्या हाताला शेळ्या, शेळ्यांच्या मागे लाल जाळ. लोक गप्प झाले होते. आकाराम मागून मोठ्याने म्हणाला होता, "ह्या राजानं मेंढरं राखल्याली दिसत न्हाईत. कळपात शेरडं नसली तर मेंढरं वाट चुकत्यात. माझ्या सासऱ्याला इचारा!" सगळी वस्ती खदखदून हसली होती, कंदील धरणारा उपदेशकही. साळूबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्या रात्री त्या रंगूला कुशीत घेऊन बराच वेळ जाग्या होत्या, हे रंगूला आठवत होते.

"घेतलं असंल त्यानं," साळूबाई म्हणाल्या. "मनातल्या मनात. तुला ऐकू आलं नसंल."

रंगूने पाठ पुसायला घेतली.

साडेदहाला दोघे भाऊ आले. जोतीरामच्या अंगावर काळा कोट होता. बाजारपेठेतून लगबगीने चालत आल्यामुळे गळपट्टी घामाने मऊ पडली होती. लालासाहेबाने बापाच्या पायांवर डोके ठेवले आणि तिथेच रडत बसला. जोतीराम उभा राहिला. मग त्याने बापाच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो हात काढायचा विसरला.

अंगणात चुलता नानासो, आकारामचा धाकटा भाऊ, चार माणसे आणि बांबू घेऊन आला होता. वस्तीत मेलेल्या माणसाला जाळत नसत, पुरत. ख्रिस्ती झालेलीही पुरत. दोन्ही जागा ओढ्याकाठी, लगत होत्या. मधे शेराच्या चिकाळ झुडपांचे कुंपण होते, मिशनने लावलेले, माणसाच्या छातीएवढे. कुंपणाच्या आत मंडळीची माणसे, बाहेर वस्तीची. नियम मंडळीच्या पंचांच्या वहीत होता: बाप्तिस्मा झालेल्यालाच आत जागा. तीन वर्षांपूर्वी जोतीरामनेच एका सभासदाच्या सासऱ्याला या नियमावर बोट ठेवून जागा नाकारली होती. तो सभासद आज अंगणाच्या कडेला येऊन उभा होता.  नुसता उभा होता.

"जोती, माती कडक हाय," नानासो म्हणाला. "खणायलाच तीन तास जात्यात. दिवस मावळायच्या आत आटपाय पायजे. कुठं खणायचं ते एक वाजंस्तवर सांग. न्हाईतर मी माझ्या हिशेबानं खणतो."

"नाना, थोडं थांबा."

"मी थांबीन बाबा. मढं थांबत न्हाई."

जोतीरामने रंगूला खुणेने मागच्या बाजूला नेले. तिथे दोर ताणायचे दोन खांब होते, मधे तीस-चाळीस हात मोकळी, पायांनी गुळगुळीत झालेली जमीन. जाड दोर एकट्याला वळता येत नाही. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने ताण धरून मागे मागे सरायचे. लहानपणी मागे सरण्याचे काम या दोघांचे होते. उलटे चालताना जोतीराम हमखास पडायचा आणि बाप ओरडायचा, "पडलास तरी दोर सोडू नगंस!"

जोतीराम त्या खांबाला टेकला.

"आई म्हणते, शेवटी तूच जवळ होतीस."

"हो."

"काय बोलले का?"

तिसऱ्यांदा. दुसऱ्यांदा लालासाहेबाने दारातच विचारले होते.

"दादा, तू पाळक म्हणून विचारतोस का मुलगा म्हणून?"

"त्याने काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत?"

 तो अगदी हळू, उपासनेत कधी न वापरलेल्या आवाजात म्हणाला, "वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेला चोर आठवतो तुला? त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. आयुष्यात एक चांगलं काम केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलला. एक. आणि प्रभूने त्याला त्याच दिवशी सुखलोकात नेलं. रंगू, पंचांपुढे मला फक्त एक साक्षीदार हवा. बांनी शेवटी विश्वास धरला, असं म्हणणारा. पुढचं मी बघतो."

"मला काय म्हणायचं ते तू ठरवलंयस म्हणजे."

"मी काही ठरवलेलं नाही. मी विचारतोय. पाणी मागितलं असेल त्यांनी."

"मागितलं."

"मागताना 'देवा' म्हणाले असतील."

"दादा, तो ठेच लागली तरी 'देवा' म्हणायचा. खोकला आला तरी म्हणायचा. कुठल्या देवाला, हे मी कसं सांगू?"

"तू त्यांना प्रार्थना म्हणून दाखवलीस?"

"नाही."

"का नाही?" त्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं दवाखान्यात दुसऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करतेस, आणि स्वतःच्या बापाच्या—"

"त्याने मागितली नाही म्हणून."

जोतीरामने तोंड फिरवले. कोटाच्या पाठीवर धूळ लागली होती. रंगूने ती झटकली. लहानपणी तो पडला की तीच झटकायची.

एक गोष्ट तिने त्याला सांगितली नाही. पहाटे पाचला बाप म्हणाला होता, "ते नाताळाचं म्हण." तिने गीताची दोन कडवी म्हटली. त्याची बोटे गोधडीवर उठत-बसत राहिली, सनईच्या भोकांवर बसावीत तशी, एकही चूक न करता. एवढेच. जोतीरामला हे कळले असते तर त्याने त्या बोटांची साक्ष काढली असती. रंगूच्या मते बोटे चालीवर हलली होती. त्यापेक्षा जास्त लिहायचा तिला अधिकार नव्हता. दवाखान्यात तिने कधीही न मोजलेली नाडी तक्त्यावर लिहिली नव्हती.

बाराच्या सुमाराला सगळी पडवीत बसली. आत प्रेतापाशी वस्तीतल्या बायका होत्या. साळूबाई बाहेर येऊन उंबऱ्याला टेकल्या.

लालासाहेबाने सरळ विषय काढला. "आक्का, म्हण की व्हय म्हणून. एवढं काय त्यात? इटलीत आमी खड्डं खणलं तवा कुणी बाप्तिस्म्याचा कागद मागितला न्हाई. तुझ्या एका शबुदानं आयला बरं वाटंल, दादाची इज्जत ऱ्हाईल, अन् बा झाडाखाली गारव्याला पडंल. कुनाचं काय जातंय?"

"माझ्या भावाचं जातंय," नानासो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो विडी विझवत होता.

"आकाराम जित्ता असताना तुमच्यातल्या कुनाला जमलं न्हाई ते मेल्यावर करू नगा. त्याला आत घ्यायचं तर घ्या, माझी काय ना न्हाई. त्याचीच बायकू, त्याचीच पोरं. पर लबाडी करून नगं. वर कोण न्याय करनारा असंल तर त्याला काय आकाराम ठावं नसंल?"

"नाना बराबर बोलत्यात," लालासाहेब लगेच म्हणाला.

"तू आत्ता पलीकडनं बोलत हुतास!" साळूबाई खेकसल्या.

"मग काय करू? पलटणीत बी असंच व्हायचं. साहेब बदलला की हुकूम बदलायचा."

कुणीतरी हसले. जोतीराम हसला नाही. त्याने मांडीवरचे पुस्तक बाजूला ठेवले आणि म्हणाला, "रंगू, सगळ्यांसमोर सांग. बा शेवटी काही बोलले का?"

रंगूने आईकडे पाहिले. साळूबाईंचे दोन्ही हात मांडीवर उताणे होते, घास मागावा तसे. एक शब्द पुरेल, असे लालासाहेब म्हणाला होता. खरेच पुरला असता. सदतीस वर्षांची भीती एका शब्दात मिटली असती, आणि तो शब्द खोटा होता हे फक्त दोघांना कळले असते. त्यातला एक आत चटईवर होता.

"बोलला," ती म्हणाली. "सव्वासहाला. दोन घोट पाणी घेतलं. मग म्हणाला, 'आयला म्हणावं, घाई करू नगं. सावकाश ये. मी बाहेर बसतो.' त्यानंतर काही बोलला नाही. सहा चाळीसला गेला."

 जोतीरामचा चेहरा उतरला होता. रंगूला ते आधीच दिसले होते. पाळकाला शास्त्रात 'बाहेर' या शब्दापुढे काय येते ते पाठ असते: लग्नाच्या मेजवानीतून हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकलेला माणूस, तिथले रडणे, दात खाणे. दार लागल्यावर बाहेर उभे राहून हाका मारणाऱ्या मुली. यावर तो चाळीस मिनिटे उपदेश करायचा, दर वर्षी, आणि बाप करंजाखाली बसून तो ऐकायचा.

पण आवाज फुटला तो नानासोचा. म्हातारा तोंडात पटक्याचे टोक घालून रडत होता.

"त्यो तेच म्हनत हुता," तो म्हणाला. "छावणीत."

"कसली छावणी?" लालासाहेबाने विचारले.

"पलेगाची. तुमचा आजा जोतिबा. काखंत गाठ आली तशी सरकारनं त्याला माळावरल्या झोपड्यात न्हेला. काटेरी कुंपण, दारावर शिपाई. कुनाला आत सोडंनात. मी ल्हान, धा-अकरा वर्साचा. आकाराम भाकरी घिऊन गेला तर भाकरी आत, ह्यो बाहेर. मग ह्यो तिथंच बसला. तीन दिस. म्हातारा आतनं हाक मारायचा, 'आकाराम, हाईस का रं?' अन् ह्यो म्हनायचा, 'हाय, बा. बाहेर बसलोय.' घडीघडीला तेच. 'हाईस का?' 'बाहेर बसलोय.' तिसऱ्या दिशी हाक यायची थांबली. तरी ह्यो म्हनतच हुता. मी जाऊन हाताला धरून आणला त्याला."

त्याने पटक्याने डोळे पुसले. "तुमच्या देवळाभाईर बसायला लागला तवा मी त्याला म्हनलं, हे काय रं खूळ? म्हनला, आतल्याला आवाज जातो."

रंगूला हे माहीत नव्हते. जोतीरामलाही नव्हते, हे त्याच्याकडे पाहून कळत होते. साळूबाईंना होते की नव्हते, हे कळायला मार्ग नव्हता. त्या अंगणातल्या उन्हाकडे बघत होत्या.

"जोती," त्या म्हणाल्या, "तू सांगतोस, बाहेर अंधार असतो म्हनून."

"आई, ते मी सांगत नाही. ते लिहिलंय."

"असंल लिवल्यालं. पर मी सदतीस वर्सं आतनं बघत आले. बाहेर काय अंधार नव्हता रं. बाहेर करंज व्हता."

त्या उठल्या. "नाना, शेराच्या कुंपनाला लागून खण. भायल्या अंगाला. तुझी जागा बी तीच अन् माझ्या नजरंसमूर बी."

"व्हय, वैनी," नानासो म्हणाला आणि कुदळ घेऊन निघाला. एक वाजायला दहा मिनिटे होती.

साडेचारला माती झाली. मंडळीतले तीस-पस्तीस लोक आले आणि सवयीने कुंपणाच्या आत उभे राहिले, वस्तीतले बाहेर. तो सभासदही आत होता. जोतीराम आतल्या बाजूने कुंपणाशी आला. सगळ्यांना वाटले, तो तिथूनच पुस्तक उघडेल. त्याने कोट काढला, घडी न करताच शेरावर टाकला, पुस्तक त्यावर ठेवले आणि फाटकातून वळसा घालून बाहेर आला. लालासाहेबाच्या हातातले फावडे घेतले. माती लोटताना तो काही बोलत नव्हता. ओठ हलत होते की नव्हते, यावर मंडळीत पुढे मतभेद झाले. रंगू तीन हातांवर होती. तिलाही नक्की सांगता आले नसते. नानासोने तांब्यातले पाणी कडेने ओतले. शेराचा चीक लागून कोटाच्या बाहीवर पांढरा डाग पडला, तो आजही आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. घंटा झाली. रंगू आईचा हात धरून पायरीपर्यंत आली आणि हात सुटला.

"जा तू," साळूबाई म्हणाल्या. "मी हितंच हाय."

त्या करंजाखाली जाऊन बसल्या. येताना खुंटीवरचा अर्धा दोर बरोबर घेतला होता. दोर वळणाऱ्याच्या घरातली बाई. हात विसरले नव्हते. जाड दोराला ताण धरायला दुसरे माणूस लागते, म्हणून पुढच्या रविवारी नानासो येऊन दुसऱ्या टोकाला बसला. आत जोतीराम उपदेश करत होता. त्या दिवशीचा उपदेश वीस मिनिटांत संपला.

मार्चमध्ये रंगू मिरजेहून दोन दिवसांच्या रजेवर आली तेव्हा आईने तिला कागद आणायला सांगितला. मंडळीच्या पंचांना अर्ज लिहायचा होता. साळूबाई सांगत गेल्या, रंगू लिहीत गेली. मजकूर असा: मी साळूबाई आकाराम वायदंडे, बाप्तिस्मा सन १९०९. माझा प्रभूवर विश्वास आहे आणि तो शेवटपर्यंत राहील. कुंपणाच्या आत मला जी जागा मिळायची, ती दुसऱ्या कुणाला द्यावी. मला बाहेरच्या अंगाला, नवऱ्याच्या शेजारी पुरावे. कुंपण हलवू नये. ते शेर जुने आहेत.

"आय," रंगू म्हणाली, "दादाला हे किती जड जाईल, कळतंय का तुला? पंच म्हणतील, आईच मंडळीबाहेर गेली."

"मी कुठं गेले? निस्ती बाहेर बसले."

"आणि न्यायाच्या दिवशी?"

साळूबाईंनी अंगठ्याला शाई लावून घेतली. "त्या दिशी इचारीन राजाला. मेंढरामागं शेरडं का न्हाई ठेवली म्हनून. आमच्या माणातला धनगर असता तर ठेवली असती." मग अंगठा कागदावर टेकवून, न उचलता म्हणाल्या, "भ्या वाटतंय गं. न्हाई असं न्हाई. पर तो बाहेर बसला आसंल अन् मी आतनं आलेच न्हाई तर?"

रंगूला त्या वेळी गोधडीवरची बोटे सांगावीशी वाटली. गीत, दोन कडवी, एकही चूक नाही. तिने तोंड उघडलेही. मग कागद वाळायला उन्हात धरला.

अर्ज जोतीरामच्या हातात पडून पाच आठवडे झाले. तेवढ्या काळात पंचांच्या दोन सभा झाल्या. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, घंटेला नवा दोर लागला. उपासना संपल्यावर जोतीराम सरळ करंजाखाली आला आणि कोट घातलेला असूनही खाली बसला. साळूबाईंच्या हातात दुसरी सुतळी होती.

"आई, आज तरी आत यायचं होतंस."

"दोर बरा वाजतोय का?"

"चांगला वाजतोय."

"धर हे," त्या म्हणाल्या आणि सुतळीचे टोक त्याच्या हातात दिले. त्याने ते धरले. त्या मागे मागे सरत गेल्या, तो ताण धरून बसला. मंडळी फाटकातून बाहेर पडत होती, बघत होती.

अर्ज त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, घडी करून. पंचांच्या सभेत तो वाचला गेलेला नाही आणि साळूबाईंना परतही दिलेला नाही.